भिंगाच्या चित्राचं नाव ‘शोधा’

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात एका दुपारी टीममधल्या टेस्टरने फोन कानाशी धरला आणि मी तीन आठवडे खपून काढलेली स्क्रीन ऐकायला सुरुवात केली. तो जन्मापासून अंध आहे. काचेवर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो, हवं ते सापडलं की दोनदा टॅप करायचं, अशी त्याची रीत. वेबसाइट होती घरची बिलं भरण्याची. वर एक मोठा फोटो, खाली आठ आयकॉन: वीज, पाणी, गॅस, मोबाइल वगैरे. फोन बोलू लागला, “लेबल नाही, बटण. लेबल नाही, बटण.” आठही वेळा तेच. बोट फोटोवर गेलं तेव्हा फोनने फाइलचं नावच वाचून दाखवलं, त्यातल्या ‘फायनल’ आणि ‘दोन’सकट.

“अगं, आठ बटणं आहेत एवढं कळलं,” तो म्हणाला. “कशाची ते तू सांग.”

त्या दिवसापासून मी या विषयात शिरले ती आजपर्यंत. अपंगत्व असलेल्या माणसांना वापरता येईल अशी रचना करणं, याला सरकारी मराठीत सुगम्यता म्हणतात. ऑफिसात सगळे अ‍ॅक्सेसिबिलिटीच म्हणतात. हा लेख त्यातल्या एका भागापुरता आहे: सॉफ्टवेअरमधली चित्रं. आयकॉन, फोटो, तक्ते, आलेख, नकाशे. जे लोक हे काढतात, काढून घेतात किंवा सोसायटीच्या ग्रुपवर रोज पाठवतात, त्या सगळ्यांसाठी.

आधी स्क्रीन रीडर म्हणजे काय ते बघू. पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये बदलून देणारं हे सॉफ्टवेअर. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर या नावाने ते आधीपासूनच असतं, फक्त सुरू करावं लागतं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर आपल्याकडे पुष्कळ जण एनव्हीडीए वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते बनवायला घेतलं आणि ते आजही फुकट मिळतं. स्क्रीन रीडरचा सगळा भर मजकुरावर असतो. चित्राला आपण मागे जो मजकूर जोडू, तो वाचून दाखवायचा. काहीच जोडलेलं नसेल तर बिचारा जे हाताला लागेल ते वाचतो, बहुतेक वेळा फाइलचं नाव.

हा जोडलेला मजकूर म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये ही सोय १९९५ पासून आहे. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाही. चित्राखाली काय लिहायचं हेच आपल्याला शिकवलेलं नसतं.

मी पहिल्यांदा आयकॉनना नावं दिली तेव्हा भिंगाच्या चित्राला ‘भिंग’ लिहिलं, घराच्या चित्राला ‘घर’ आणि विजेच्या चित्राला ‘दिवा’. टेस्टरने ऐकलं आणि विचारलं, “भिंग दाबलं की काय होतं?” तेव्हा कळलं. चित्रात काय काढलंय हे त्याला नको होतं, ते चित्र तिथे कुठल्या कामाला बसवलंय हे हवं होतं. भिंगाचं नाव ‘शोधा’. घराचं ‘मुख्य पान’. दिव्याचं ‘वीज बिल भरा’. पुढे ‘बटण’ असं लिहायचं नाही, कारण तो शब्द स्क्रीन रीडर स्वतःच जोडतो, नाहीतर ‘शोधा बटण, बटण’ असं ऐकू येतं.

आता गंमत अशी की एकाच चित्राला सगळीकडे एकच मजकूर चालत नाही. समजा तलावपाळीचा एक छान फोटो आहे: संध्याकाळचा मासुंदा तलाव, पाण्यात होड्या, काठावर दिवे. ठाण्यात फिरायला येणाऱ्यांसाठीच्या पानावर तो असेल तर हे सगळं एका वाक्यात लिहायला हवं, कारण तिथे फोटो हाच मजकूर आहे. बातमी तलावाच्या पाण्यावर वाढलेल्या शेवाळाची असेल तर होड्या आणि दिवे राहू देत, शेवाळ कुठे आणि किती दिसतंय ते लिहा. आणि तोच फोटो बिल भरण्याच्या पानावर नुसती शोभा म्हणून मागे टाकला असेल तर काहीही लिहू नका. मात्र ‘काहीही न लिहिणं’ दोन प्रकारचं असतं. ऑल्टची जागा ठेवून ती मुद्दाम रिकामी सोडली, तर स्क्रीन रीडरला कळतं की हे ओलांडून पुढे जायचं. ऑल्ट ठेवलाच नाही, तर तो गोंधळतो आणि फाइलचं नाव वाचत बसतो. पहिल्या दुपारी आमचं तेच झालं होतं.

हल्ली चित्राचं वर्णन करून देणारी एआयची साधनं आली आहेत. कोणी काहीच लिहिलेलं नसेल तेव्हा अंध माणसाला त्यांचा मोठा आधार होतो, हे मी रोज बघते. पण ती चित्रात काय आहे ते सांगतात. ते चित्र त्या पानावर का आहे, हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून ते वाक्य ठेवणाऱ्यानेच लिहावं असं माझं ठाम मत आहे.

मराठीचा म्हणून एक वेगळा घोळ आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पाणी कधी येणार नाही याची नोटीस आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कशी येते? कागदाचा फोटो काढून. अंध रहिवाशाच्या फोनला तो फक्त ‘फोटो’ असतो. शुक्रवारी पाणी नाही हे त्याला नळ कोरडा गेल्यावर कळतं. त्या फोटोखाली “शुक्रवारी सकाळी ९ ते शनिवारी सकाळी ९ पाणी बंद” एवढी एक ओळ टाइप केली की काम झालं. चित्रात लिहिलेली अक्षरं ही स्क्रीन रीडरच्या लेखी अक्षरं नसतातच, शिवाय मोठी करून बघितली की फुटतात. कमी दिसणाऱ्या आजोबांनाही ती वाचता येत नाहीत.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षरांना ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे जे मराठी फॉन्ट होते, त्यांत पडद्यावर ‘पाणी’ दिसायचं, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडर मात्र आतलं वाचतो आणि भलतंच काहीतरी बडबडतो. अशा फाइली कार्यालयांमध्ये अजून फिरताना दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घेण्याला पर्याय नाही.

तिसरा प्रकार भाषा सांगण्याचा. देवनागरी बघून कॉम्प्युटरला कळत नाही की हे मराठी आहे की हिंदी. पानाच्या कोडमध्ये भाषेची एक खूण असते, मराठीसाठी ‘एमआर’. ती नसली की कित्येकदा हिंदी आवाज मराठी वाचू लागतो. ‘चांगलं’मधला च आणि ‘चहा’मधला च एकसारखेच येतात, आणि पुढचं वाक्य समजायला ऐकणाऱ्याला दुप्पट लक्ष द्यावं लागतं. ही एक खूण टाकली की आवाज बदलतो. शिवाय काही फॉन्ट ती खूण बघून ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. दोन अक्षरांच्या कोडमध्ये एवढं मिळतं.

आता डोळ्यांना दिसतं, पण कमी दिसतं, अशा लोकांकडे येऊ. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला डोळ्याचा पडदा, नुसतं वय. यांची संख्या पूर्ण अंध लोकांपेक्षा खूप जास्त असते, आणि यांच्यासाठी पहिला प्रश्न कॉन्ट्रास्टचा, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाचा.

हा फरक मोजता येतो. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेची डब्ल्यूसीएजी नावाची नियमावली आहे. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. तिच्या मधल्या पातळीनुसार, म्हणजे बहुतेक ठिकाणी धरतात त्या पातळीनुसार, साध्या अक्षरांना किमान ४.५ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ला १ इतकं गुणोत्तर हवं. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ला १, त्याच्या वर काही नाही. २०१८ च्या आवृत्तीत चित्रांचाही नियम आला: आयकॉन, बटणाची कड, आलेखातल्या रेषा, जे जे समजून घ्यायला लागतं त्याला शेजारच्या रंगाशी ३ला १ फरक हवा.

हे गणित मी पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा चकित झाले. उजळपणात सगळे रंग सारखे धरलेले नाहीत. पडद्यावरच्या प्रकाशात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. मानवी डोळा तसाच घडलेला आहे. त्यामुळे शुद्ध निळी अक्षरं पांढऱ्यावर ८.६ला १ मिळवून सहज पास होतात. शुद्ध हिरवी मिळवतात १.४. पिवळी तर १.१ सुद्धा नाही, ती पांढऱ्यावर नसल्यातच जमा. आणि चूक दाखवायला आपण सगळे जो वापरतो तो शुद्ध लाल? पांढऱ्यावर त्याला मिळतात जेमतेम ४, म्हणजे साध्या अक्षरांसाठी तो नापास. थोडा गडद, विटकरीकडे झुकणारा लाल घेतला की काम होतं. राखाडीचंही तसंच: ज्या राखाडीचा कोड ७६७६७६ आहे तो पांढऱ्यावर ४.५४ मिळवून काठावर पास, ७७७७७७ नापास. डोळ्यांना या दोन राखाडींतला फरक सांगता येणार नाही. म्हणून ‘मला तर दिसतंय’ हे मोजमाप नव्हे.

उलट शुद्ध पिवळ्यावर काळं घेतलं की १९.५ला १ मिळतं. ठाणे स्टेशनवरची नावाची पाटी आठवा. पिवळी, त्यावर काळी ठसठशीत अक्षरं. गाडी वेगात असताना, पावसात, चष्मा घरी विसरलेला असतानाही ती वाचता येते. आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं की मी त्याला आधी ती पाटी दाखवते.

कॉन्ट्रास्ट जमला तरी देवनागरीला आणखी जागा लागते. बटणाची उंची इंग्रजी शब्दाच्या मापाने ठरवलेली असते, आणि मग ‘पूर्ण’ लिहिलं की वरून रफार छाटला जातो, खालून ऊकार. बारीक काड्यांचा फॉन्ट घेतला की कमी दिसणाऱ्याला अनुस्वार आणि मात्रा दिसतच नाहीत. ‘वंदन’चं ‘वदन’ होतं, ‘मेळ’चा ‘मळ’. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेखा तुटते आणि शब्द विखुरल्यासारखा दिसतो. इंग्रजीतला हा शौक मराठीत करू नये.

रंगांची दुसरी अडचण मला माझ्या मामांमुळे कळली. नौपाड्यात राहतात. त्यांना लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सुद्धा. तरी आमच्या साइटवर मी भरलेल्या बिलापुढे हिरवा ठिपका आणि राहिलेल्या बिलापुढे लाल ठिपका ठेवला. मामांनी फोन केला, “अगं, हे बिल भरलंय का राहिलंय? दोन्ही ठिपके मातकटच दिसतायत.” एका दिवसाने त्यांची मुदत चुकली होती.

लाल-हिरव्याचा हा दोष बहुतेक वेळा जन्मजात असतो आणि एक्स गुणसूत्रावरून येतो. पुरुषांत ते गुणसूत्र एकच असल्याने त्यांच्यात तो बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर सुमारे ८ टक्के. एवढ्या लोकांना आपण एका ठिपक्यावर सोडू शकत नाही. उपाय रंग काढून टाकण्याचा नाही, रंगाला सोबत देण्याचा आहे. आता आमच्याकडे भरलेल्या बिलापुढे बरोबरची खूण आणि ‘भरलं’ हा शब्द असतो, राहिलेल्यापुढे त्रिकोणातलं उद्गारचिन्ह आणि ‘बाकी’. रंग आहेतच. आलेखात दोन रेषा असतील तर एक अखंड, एक तुटक. तपासायचं कसं? फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन पडदा कृष्णधवल करा. किंवा सरळ झेरॉक्स काढा. झेरॉक्समध्ये अर्थ टिकला तर चित्र टिकलं.

कमी दिसणारी माणसं पडदा चारपट, आठपट मोठा करून वापरतात, हे काढणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. नळीतून बघितल्यासारखा पडद्याचा छोटा तुकडाच त्यांना एका वेळी दिसतो. आलेख डावीकडे आणि कुठला रंग कशाचा ही सूची उजवीकडे कोपऱ्यात असेल, तर त्यांना रंग लक्षात ठेवून नळी सरकवत तिकडे जावं लागतं आणि परत यावं लागतं. रेषेच्या टोकालाच तिचं नाव लिहावं. आयकॉन एसव्हीजी प्रकारातले असावेत म्हणजे कितीही मोठे केले तरी कड फुटत नाही. आणि पारदर्शक मागच्या बाजूवर काळा आयकॉन ठेवण्याची सवय सोडावी: डार्क मोड लावला की काळ्यावर काळा आयकॉन गायब, आणि डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून डार्क मोड लावणारा माणूस अडकून बसतो.

सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात आवडतं काम, आलेखांचं. समजा विजेच्या बिलावर बारा महिन्यांचे बारा स्तंभ आहेत. त्यांना मी आधी ‘मासिक वापराचा निळा स्तंभालेख’ असं लिहायचे. हे ऐकून माणसाच्या हाती काय लागलं? डोळस माणूस तो आलेख अर्ध्या क्षणात बघतो आणि म्हणतो, उन्हाळ्यात फार जळलंय. तोच अर्धा क्षण शब्दांत द्यायचा असतो. आता मी असं लिहिते: ‘बारा महिन्यांचा वीज वापर. सर्वाधिक मे महिन्यात, ३१० युनिट. सर्वात कमी जानेवारीत, १४०. जूनपासून वापर उतरत गेला.’ त्याच्या खाली ‘आकडे तक्त्यात बघा’ असं बटण, आणि ते उघडलं की साधा दोन रकान्यांचा तक्ता. गोषवारा आधी, आकडे हवे त्याला. तो तक्ता आम्ही अंध लोकांसाठी ठेवला आणि वापरायला लागले सगळेच, कारण मामांसारख्या माणसांना स्तंभाच्या उंचीपेक्षा आकड्यावर जास्त विश्वास असतो.

आलेख ऐकवताही येतो. आयफोनमध्ये २०२१ पासून ही सोय आहे: आकडा वाढला की सूर चढतो, उतरला की उतरतो. आमच्या टेस्टरने हेडफोनवर वर्षभराचा वापर ऐकला. सूर चढत गेला, मे महिन्यात टोक गाठलं, मग पायरी पायरीने खाली आला. तो म्हणाला, पावसाळा ऐकू आला. माझ्या कामात मला इतकं समाधान क्वचित मिळालं असेल.

हलणाऱ्या चित्रांबद्दल थोडक्यात. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काहीही चमकवू नये. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने ६०० हून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. ज्यांना हालचालीने भोवळ येते ते फोनमध्ये ‘हालचाल कमी’ असं सेटिंग ठेवतात. वेबसाइटने ते विचारून घ्यावं आणि मानावं. बोटाखालची जागा नियमाने किमान २४ पिक्सेल रुंद आणि तेवढीच उंच, पण मी ४४ धरते. हात थरथरणाऱ्यांसाठी ते लागतंच, आणि घणसोलीला लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून फोन वापरून बघा, तुम्हालाही लागेल. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी नुसता आयकॉन कधीच पुरत नाही. खाली छोटा, रोजचा शब्द हवा. ‘व्यवहार इतिहास’ऐवजी ‘आधी भरलेली बिलं’.

कायदा काय म्हणतो हेही ठाऊक असावं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत, आणि त्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं वेगळं कलम आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निकाल दिला. प्रकरण होतं फोनवरच्या केवायसीचं. पडद्यावर एक गोल येतो, त्यात चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. अ‍ॅसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत, त्यांनी काय करायचं? आणि ज्याला गोलच दिसत नाही त्याने? तो गोल कोणीतरी माझ्यासारख्याच डिझायनरने काढला असणार. ‘फोन थोडा डावीकडे’ असं बोलून सांगणारा आवाज आणि पापणी न मिचकवता ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग, हे त्याच चित्राचा भाग म्हणून आधीच हवं होतं.

सध्या आम्ही नकाशावर अडलो आहोत. स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या नकाशाला ऑल्ट काय लिहायचं? नकाशाचं वर्णन करून उपयोग नाही, वाट सांगायला हवी. म्हणून मी लिहिलं: ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी ९ किंवा १० नंबरच्या फलाटावरून, मग ऐरोलीला उतरून कुठल्या बाजूला जिना, किती पायऱ्या, रस्ता कुठे ओलांडायचा. टेस्टरला वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “फलाटावर आमच्या दिव्यांगांच्या डब्याच्या जागी बीप वाजतो, तो कुठे लिहिलायस? मी तिथूनच सुरुवात करतो.” माझ्या नकाशात तो बीप नव्हता. गेली कित्येक वर्षं मी त्या आवाजाजवळून रोज जाते. आता पहिली ओळ त्याचीच आहे.